कामगार की शिकाऊ? सोलापुरातल्या अंध कामगारांना बेकारी भत्ता मिळवायचा असेल तर

गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका मामांचा फोन आला. ते ज्या कार्यशाळेत जायचे ती दोन महिन्यांपूर्वी बंद पडली होती. "तेवीस वर्षं खुर्च्या विणलो की ओ सर. आता भत्त्याचं विचारलं तर म्हणत्यात, तुम्ही कामगार नव्हताच, शिकाऊ होता." तेवीस वर्षं शिकाऊ! एवढ्यात पोरगं जन्माला येऊन पदवीधर होतं.

मामांच्या त्या एका वाक्यात सगळा घोळ आहे. बेकारी भत्ता मिळणार की नाही हे तुम्हाला दिसतं का यावर ठरत नाही, कार्यशाळेच्या पाटीवर काय रंगवलंय त्यावरही ठरत नाही. तुमचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे यावर ते ठरतं. त्यामुळे या लेखातली निम्मी कामं काम सुटल्यानंतरची नाहीत, काम चालू असताना करायची आहेत. ज्यांचं काम आधीच सुटलंय त्यांनीही सुरुवातीपासूनच वाचा किंवा ऐका, कारण कार्यालयात पहिला प्रश्न तिथलाच येतो.

रजिस्टर पाहा

संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांसाठी खास चालवलेल्या कार्यशाळेत, दोन तऱ्हेची माणसं असतात. काही खरोखर शिकायला आलेली असतात. ठरावीक मुदत, विद्यावेतन, शेवटी प्रमाणपत्र आणि बाहेर. बाकीची रोज ठरल्या वेळी येतात, मेणबत्त्या, खडू, पायपुसणी, झाडू बनवतात, खुर्च्या विणतात आणि नगावर पैसे घेतात. संस्था तो माल शाळांना, कार्यालयांना, दुकानांना विकते. कागदावर मात्र दोघांनाही 'प्रशिक्षणार्थी' म्हणण्याची पद्धत सोयीची असते. कुणाची सोय, ते सांगायला नको.

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो, त्याच्या १९४८ च्या कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्या बरीच रुंद होती. कारखान्यात किंवा आस्थापनेत मजुरीवर कामाला असलेला माणूस म्हणजे कर्मचारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नेमलेला शिकाऊ तेवढा त्यातून वगळला होता. इतर शिकाऊ त्यात येत होते, प्रशिक्षणाची मुदत वर्षानुवर्षं वाढवत नेलेलेही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने घेतली आहे. तुमचा जुना विमा क्रमांक आणि जुन्या हप्त्यांची नोंद त्यामुळे पुसली जात नाही.

मग स्वतःला काही प्रश्न विचारा. हजेरी लागते का? खाडा केला तर पैसे कापतात का? दर नगावर ठरलाय का? दिवाळीला बोनस म्हणून काही मिळतं का? केलेला माल विकला जातो का? किती वर्षं हेच चालू आहे? उत्तरं 'हो, हो, हो, बारा वर्षं' अशी आली, तर पाटी काही का म्हणेना, तुमची बाजू कामगाराची आहे. 'कर्मचारी नोंद' की 'प्रशिक्षणार्थी नोंद', एवढं एक कार्यालयातल्या माणसाकडून वाचून घ्या. वाचून दाखवत असताना फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायला लाजू नका.

हा शब्दांचा खेळ आपल्याकडेच चालतो असं नाही. अमेरिकेत १९३८ च्या मजुरी कायद्याच्या कलम १४ (सी) खाली प्रमाणपत्र घेऊन दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी देता येतं. तिथल्या बेकारी विम्याच्या संघीय कायद्यातही, पुनर्वसनासाठी चालवलेल्या कार्यशाळेत पुनर्वसन म्हणून काम मिळालेल्या माणसाला विम्याबाहेर ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. त्याच छपराखालचा डोळस सुपरवायझर मात्र त्या अपवादात बसत नाही. आपल्या ईएसआयच्या व्याख्येत दिव्यांग कार्यशाळांना असा सरसकट अपवाद नाही, ही आपली जमेची बाजू. आपलं घोडं पेंड खातं ते नोंदणीत.

दुसरी गोष्ट, माणसं मोजा. कारखान्याला ईएसआय लागू व्हायला दहा माणसं पुरतात. "आम्ही आठच जण आहोत," असं मला किती वेळा तरी सांगितलंय. विचारलं तर कळतं, आठ अंध कामगार, शिवाय एक सुपरवायझर, एक हिशेबनीस, माल पोचवणारा टेम्पोवाला. पगारावरची सगळी माणसं मोजायची असतात.

कपात नाही म्हणजे विमा नाही, असं नसतं

ईएसआयचा हप्ता कामगाराकडून मजुरीच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के असतो. पण ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून काहीच कापत नाहीत, मालकाचा हिस्सा तेवढा भरला जातो. नगावर काम करणारे बरेच अंध कामगार याच पट्ट्यात येतात. त्यामुळे "माझ्या पगारातून काही जात नाही, म्हणजे मला ईएसआय नाही" असा ग्रह करून घेऊ नका. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक असू शकतो आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेलाच नसेल.

तो शोधायचा कसा? संस्थेच्या कार्यालयात विचारा. तिथे दाद लागली नाही तर ईएसआयसीचा, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाचा, निःशुल्क क्रमांक १८००११२५२६ आहे, नाहीतर आधार कार्ड घेऊन सोलापुरातल्या शाखा कार्यालयात जा. क्रमांक मिळाला की आपला मोबाइल नंबर त्याला जोडून घ्या. मोबाइल संस्थेच्या हिशेबनिसाचा नोंदवलेला असतो, हे फार वेळा दिसतं. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दारात.

मजुरीची कमाल मर्यादा दिव्यांगांसाठी महिना २५,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. नगावर विणणाऱ्या माणसाला हा अडथळा येत नाही.

संस्थाचालक "आम्हाला परवडत नाही" म्हणाले तर त्यांना एक गोष्ट सांगा. खासगी मालकाने दिव्यांग कामगार ठेवला तर मालकाच्या वाट्याचा हप्ता काही वर्षं सरकार भरतं, अशी केंद्राची योजना १ एप्रिल २००८ पासून आहे. बऱ्याच जणांना ती ऐकूनही माहीत नसते.

दिवस मोजायची सवय लावा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दावे इथेच पडतात. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. भत्त्यासाठी या प्रत्येक सहामाहीत तुमच्या नावावर मजुरीचे किती दिवस लागले ते पाहतात. आकडा आहे ७८.

मेणबत्तीच्या कामाचं उदाहरण घ्या. गणपतीपासून दिवाळीपर्यंत हाताला उसंत नसते. एप्रिल-मे-जूनला माल पडून राहतो. तुम्ही रोज बसने येता, सुपरवायझर म्हणतो, "आज मेण आलं नाही, जावा घरी." तो दिवस हजेरीत लागत नाही. असे दिवस साठत गेले की एप्रिल ते सप्टेंबरची बेरीज ७८ च्या खाली येते आणि डिसेंबरात काम सुटलं की दावा अडकतो. नगाच्या कामात आणखी एक गंमत होते. सहा दिवस विणलेल्या खुर्चीचे पैसे एका दिवशी लिहितात आणि रजिस्टरात दिवसही एकच दिसतो. हे महिन्याच्या महिन्याला दुरुस्त करून घ्यायचं. वर्षानंतर कुणाला काही आठवत नाही.

नोंद ठेवायला डोळे लागत नाहीत. संध्याकाळी फोनवर दहा सेकंदांचा आवाजी निरोप स्वतःलाच पाठवा: तारीख, किती तास, किती नग. ब्रेल येत असेल तर आणखी उत्तम. महिनाअखेरीस बेरीज हिशेबनिसाच्या बेरजेशी ताडून पाहा.

काम सुटतं त्या दिवशी

कशावरही न वाचता अंगठा किंवा सही करू नका. कार्यशाळा बंद होताना "हिशेब मिळाल्याची पावती आहे" म्हणून जो कागद पुढे येतो, त्यात पुष्कळदा एक ओळ असते: मी स्वखुशीने काम सोडत आहे. राजीनामा दिलेल्या माणसाला बेकारी भत्ता नाही. शिस्तभंगाखाली काढलेल्याला नाही, बेकायदा ठरवलेल्या संपाच्या काळातला नाही, स्वेच्छानिवृत्तीलाही नाही. एका ओळीने सगळं जातं.

छापील मराठी कागद फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला तर गूगल लेन्स तो बऱ्यापैकी वाचून दाखवतं. हाताने लिहिलेल्या कागदावर मात्र त्याच्यावर विसंबू नका. "घरी नेऊन वाचून घेतो, उद्या आणतो," एवढं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. उलट तुम्हीच एक कागद मागा: काम कुठल्या तारखेला आणि कशामुळे संपलं. तो दिला नाही तर तेच लिहून, पोचपावतीच्या टपालाने संस्थेला पाठवा आणि पावती जपून ठेवा. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडताना पाहिलेल्या या गावाला कागदाची किंमत नव्याने सांगावी लागू नये. तरीही प्रत्येक पिढी तीच ठेच खाते.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

ईएसआय असलेल्या कामगारासाठी मुख्य दार हे आहे. योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. तेव्हा सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत. कोरोनात दर ५० टक्के झाला आणि अटी सैल झाल्या. ही योजना मुदतीवर चालते आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते. त्यामुळे अर्जाच्या दिवशी शाखेत आधी हेच विचारा की मुदत चालू आहे ना आणि दर किती.

सैल झालेल्या अटी अशा. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी कुठल्याही एकीत किमान ७८ दिवस हवेत. दावा काम सुटल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. भत्ता आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. ते ९० दिवस एकाच वेळी संपवले पाहिजेत असं नाही. आधीच काम मिळालं तर उरलेले दिवस पुढच्या बेकारीसाठी राहतात.

आता रक्कम. मागच्या चार सहामाह्यांची एकूण मजुरी घेतात आणि तिला ७३० ने भागतात. समजा महिना ८,४०० रुपये पडत होते. दोन वर्षांचे झाले २,०१,६००. भागिले ७३०, म्हणजे रोजचे साधारण २७६ रुपये. त्याचे निम्मे १३८. नव्वद दिवसांचे सुमारे १२,४२७ रुपये. यात गाडा चालतो असं मी म्हणणार नाही, तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघतो. पण भागाकार ७३० नेच होतो हे ध्यानात घ्या. रिकामे गेलेले महिनेही त्यात धरले जातात, त्यामुळे ज्याचं काम तुटक होतं त्याची सरासरी खाली येते.

अर्ज करताना

अर्ज ईएसआयसीच्या पोर्टलवर भरता येतो किंवा शाखेत नेऊन देता येतो. आधारची प्रत आणि बँक पासबुकाची प्रत लागते. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर असावं. मालकाने कागद पुढे पाठवण्याची वाट पाहायची गरज नाही, पडताळणी शाखा करते.

पोर्टलवर चित्रातली अक्षरं ओळखून टाकायची वेळ आली की फोनचा पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक गप्प बसतं. अशा वेळी बसून न राहता शाखेत जा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अंध आणि ॲसिड हल्ल्यातल्या माणसांना केवायसीत येणाऱ्या अडचणींवरचं ते प्रकरण होतं आणि एक याचिकाकर्ते, अमर जैन, स्वतः अंध वकील आहेत. कर्मचारी "ऑनलाइनच करा" म्हणाला तर या निकालाचं नाव शांतपणे घ्या.

आधारची अडचण खुर्ची विणणाऱ्यांना हमखास येते. वेत ओढून ओढून बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही. मग यंत्रावरचा माणूस म्हणतो डोळ्यांची बुबुळं स्कॅन करू, आणि समोर पाहून तोच ओशाळतो. आधार केंद्रात जाऊन 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून नोंद करून घ्या आणि मोबाइल नंबर चालू ठेवा, म्हणजे ओटीपीवर काम होतं. हे काम बेकारीच्या आधीच उरकलेलं बरं.

बँकेत अंगठ्याचं खातं आहे म्हणून एटीएम कार्ड किंवा चेकबुक नाकारलं तर रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक आहे. अंध खातेदाराला या सोयी नाकारता येत नाहीत.

दावा लांबवू नका. सणवार, लग्नसराई, "पुढच्या महिन्यात बघू" यात वर्ष निघून जातं आणि वर्ष उलटल्यावर दावा हातचा जातो.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना

हीसुद्धा ईएसआयचीच, पण जुनी, १ एप्रिल २००५ ची. कार्यशाळा कायमची बंद झाली, कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागते. पहिले बारा महिने मजुरीच्या ५० टक्के, पुढचे बारा महिने २५ टक्के. रकमेच्या हिशेबाने अटल योजनेपेक्षा ही कितीतरी मोठी आहे, त्यामुळे बंद पडलेल्या कार्यशाळेच्या कामगाराने आधी हिच्याबद्दल विचारावं. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

इथे एक गैरसमज असतो. "मी तर शंभर टक्के अंध, मग अपंगत्वाच्या अटीत बसतोच." नाही बसत. अपंगत्व नोकरीत असताना आलेलं आणि नोकरी घालवणारं हवं. पण जो अंधुक दिसत असताना कामाला लागला आणि पुढे काचबिंदूने पूर्ण दृष्टी गेली म्हणून ज्याचं काम सुटलं, त्याने हा मुद्दा सोडू नये. जुनं आणि नवं, दोन्ही प्रमाणपत्रं जवळ ठेवावीत. नवं प्रमाणपत्र आता स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करूनच निघतं. तपासणीला आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सिव्हिल.

ईएसआय नसेल तर

कपातीची भरपाई, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी, हा कामगार कायद्यातला जुना हक्क. पण नव्या औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' या व्याख्येतून पूर्णपणे किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. अंधांच्या बहुतेक कार्यशाळा विश्वस्त संस्थाच चालवतात. त्यामुळे हा रस्ता अरुंद झालाय आणि ईएसआयच्या नोंदणीला आधीपेक्षा जास्त महत्त्व आलंय. संस्था मालविक्रीवरच चालत असेल तर वाद घालायला जागा आहे, तो कामगार वकिलाकडे न्या.

संस्थेने नोंदणीच केली नसेल तर ईएसआयसीकडे लेखी तक्रार करा. सामाजिक सुरक्षा अधिकारी येऊन रजिस्टरं तपासू शकतो आणि मागचे हप्ते मालकाकडून वसूल होऊ शकतात. मालकाने हप्ता थकवला म्हणून कामगाराचा हक्क आपोआप बुडत नाही.

तोवर घरची चूल पेटती ठेवायला संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. १८ ते ६५ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग असलेल्यांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दिव्यांगांसाठी ५०,००० पर्यंत आणि राज्यातला १५ वर्षांचा रहिवास हवा. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. वर सांगितलेला ८,४०० वाला कामगार वर्षाला लाखभर कमावत होता, त्यामुळे जुन्या उत्पन्नावर दाखला निघाला तर तो बाद होतो. तलाठ्याला काम बंद झाल्याचं पत्र दाखवून, आजची परिस्थिती धरून दाखला मागा. म्हणून वर त्या पत्राचा एवढा आग्रह धरला.

आणखी एक तरतूद फारशी कुणी वापरत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये म्हटलंय की विशेष रोजगार केंद्रात दोन वर्षांहून जास्त नोंदणी असून काम न मिळालेल्या दिव्यांगाला बेकारी भत्ता देण्याची तरतूद शासनाच्या योजनांत असावी. शासनाच्या आर्थिक कुवतीची अट त्याला आहे, त्यामुळे खिडकीवर जाऊन लगेच पैसे मिळत नाहीत. पण मागणी करायला नोंदणीचा पुरावा लागतो आणि दोन वर्षांची गणती नोंदणीपासूनच सुरू होते. राज्याच्या रोजगार नोंदणीच्या महास्वयम पोर्टलवर दिव्यांग म्हणून आजच नाव घाला. महापालिकेलाही आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून यंदा कुठल्या योजना आहेत, हे पालिकेत जाऊन विचारा.

नाही म्हणाले तर

नकार तोंडी घेऊ नका. कारणासह लेखी मागा, आणि तो कागदही तिथेच कुणाकडून तरी वाचून घ्या. ७८ दिवस भरत नाहीत असं कारण असेल तर तुमच्या आवाजी नोंदी आणि बँकेतल्या जमा रकमा पुढे करा. 'प्रशिक्षणार्थी' असं कारण असेल तर किती वर्षं, कुठला दर, कुठला माल, हे लिहून द्या, सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची निवेदनं जोडा. ईएसआयसीच्या कार्यालयांत तक्रारी ऐकण्यासाठी 'सुविधा समागम' भरतो, त्याची पुढची तारीख शाखेत मिळेल. अंध आहात म्हणून अर्जच घेतला नाही, असं झालं तर ती भेदभावाची तक्रार पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाते.

जाताना फाइल अशी लावा की तुमची तुम्हाला हाताने कळेल. आधारच्या प्रतीला एक टाचणी, पासबुकाला दोन, यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राच्या) प्रतीला कोपरा दुमडलेला, काम बंद झाल्याच्या पत्राला रबर. मूळ कागद एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसऱ्या. खिडकीवरच्या माणसाने "द्या सगळं इकडं" म्हटलं, तरी मूळ पिशवी खांद्यावरच राहू द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.